कॉलर गळ्यात पडण्याआधी

अगं, अभिनंदन फोनवर झालं ते झालं. आता जरा निवांत बस आणि ऐक.

इनरव्हीलची अध्यक्ष होते आहेस, पदाची कॉलर गळ्यात पडणार आहे. तुझं वर्ष १ जुलैला सुरू होणार, आणि हा १ जुलै महा फसवा दिवस आहे. त्या दिवशी डॉक्टर्स डे असतो, सीए डे असतो, आणि आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईकांची जयंती म्हणून कृषी दिनही असतो. नवी अध्यक्ष सकाळी डॉक्टरांना गुलाब देते, दुपारी सीएंच्या ऑफिसात शाल घेऊन जाते, चार वाजता गावाबाहेर एका शेतकऱ्याला श्रीफळ देऊन पाच रोपं लावते. मागे बॅनर, पुढे सहा-सात जणी. रात्री डिस्ट्रिक्टच्या ग्रुपवर फोटो पडतात, खाली अंगठे आणि फुलं येतात, आणि हिला वाटतं, पहिल्याच दिवशी तीन प्रोजेक्ट झाले की! तिथून जी गाडी सुटते ती अवॉर्डच्या रात्रीच थांबते. रोपांचं पुढे काय झालं, ते कुणी विचारत नाही.

मला फोटोंचं वावडं नाही हं. एका रंगाच्या साड्या नेसून सगळ्या ओळीत उभ्या राहिल्या की छानच दिसतात. आणि आपल्याकडच्या कित्येक जणींचा, घरचं लग्नकार्य सोडून, स्वतःच्या नावाने छापून आलेला तो पहिलाच फोटो असतो. पेपरात सुनेचं नाव आलं की सासरेबुवा चष्मा लावून दोनदा वाचतात आणि काही बोलत नाहीत. हे सुख मी कमी लेखणार नाही. पण प्रोजेक्टची मोजदाद सुरू झाली की काम मागे पडतं, हे मी इतक्या वर्षांत फार वेळा पाहिलंय.

म्हणून ताई म्हणून माझं सांगणं एकच. तुझं वर्ष ३० जूनला संपणार आहे हे आधीपासून धरून चाल, आणि जे काम तुझ्यानंतरची बाई आपलं म्हणून चालवणार नाही, ते हाती घेऊच नकोस.

असं का म्हणते, ते सांगते. एकदा मला एका गावच्या शाळेत नेलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर भिंतीवर सॅनिटरी पॅडचं मशीन लावलेलं. पाच रुपयांचं नाणं टाकायचं, पॅड खाली पडतं. वर क्लबची पाटी. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सगळ्यांची नावं आणि साल. पाटीवरची अक्षरं चकचकीत, आणि नाणं टाकायच्या फटीत कोळ्याने जाळं केलेलं. चौकशी केली तेव्हा कळलं की आतली पॅडं एक-दोन महिन्यांत संपली, नवी कुणी आणून भरायची हे ठरलंच नव्हतं. किल्ली ज्या बाईंकडे होती त्यांची बदली झाली. उद्घाटनाला आलेल्या अध्यक्षांचं वर्ष जूनमध्ये सरलं, आणि नव्या अध्यक्षांच्या लेखी ते ‘मागच्या वर्षीचं प्रोजेक्ट’ होतं. मी नववीतल्या एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला इथे काय हवंय गं? तिने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “दाराला आतून कडी.” मुली जोडीने जायच्या, एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. आणि मधल्या सुट्टीत एकीचंच आटपायचं, तोवर घंटा व्हायची. नळाला पाणी सकाळी तासभर.

कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. शे-दीडशे रुपये आणि सुताराची मजुरी. तिच्यावर नावाची पाटी लावता येत नाही, एवढाच तिचा दोष.

गंमत बघ, ज्या रोटरीच्या चाकात आपलं छोटं चाक बसवलंय, त्या रोटरीचं पहिलं लोकोपयोगी काम सार्वजनिक स्वच्छतागृहांचंच होतं. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना जमवून क्लब काढला, तो मुळात मैत्रीसाठी. छोट्या गावातून आलेला माणूस, त्या अवाढव्य शहरात एकटा पडला होता. आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात जमायचे म्हणून नाव रोटरी. लोकांसाठी काही करावं हे नंतर सुचलं. शहरात स्वच्छतागृहं हवीत म्हणून त्यांनी १९०७ पासून पाठपुरावा केला. आपलं इनरव्हील काढणाऱ्या मँचेस्टरच्या बायकांचीही सुरुवात तशीच. १९२३ च्या नोव्हेंबरात रोटेरियनांच्या घरच्या सत्तावीस बायका पहिल्यांदा जमल्या त्या चक्क एका टर्किश बाथमध्ये. पुढाकार मार्गारेट गोल्डिंगचा. ही नर्सिंग शिकलेली, स्वतःचा व्यवसाय चालवणारी बाई. १० जानेवारी १९२४ ला क्लब रीतसर सुरू झाला, म्हणून आपण त्या दिवशी इनरव्हील डे करतो. आपल्या उद्दिष्टांचा क्रम बघ: आधी खरी मैत्री, मग वैयक्तिक सेवा, मग आंतरराष्ट्रीय सामंजस्य. या क्रमाकडे मी नंतर येते, कारण तुझं वर्ष त्याच्यावरच तरणार आहे.

आधी कामाचं. जूनमध्येच, कॉलर नाही, बॅनर नाही, अशी एकदा गावात फिरून ये. आशाताईला भेट, अंगणवाडीच्या सेविकेला भेट, शाळेच्या बाईंना भेट. कुठल्या घरात काय आहे हे आशाताईला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुणाला नसतं, आणि तिला विचारायला कुणी जात नाही. फार तर महिला दिनाला बोलावून साडी देतात. तिला ‘काय देऊ’ असं विचारू नकोस. ‘कुठे अडतंय’ असं विचार. ‘काय देऊ’ म्हटलं की लोक वॉटर कूलर सांगतात, कारण आधीच्या क्लबने तोच दिलेला असतो.

हिमोग्लोबिनचा कॅम्प तू घेशीलच, सगळेच घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. तेव्हा तुझ्या कॅम्पात काय निघणार ते मी आजच सांगते. दोनशे मुलींच्या बोटांना टोचून वहीत नऊ, साडेनऊ, दहा असे आकडे लिहिले जातील, मुलींना राजगिऱ्याची चिक्की मिळेल आणि वही क्लबच्या कपाटात जाईल. खरं काम त्या वहीनंतर सुरू होतं. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी सरकार देतंच. मुली ती खात नाहीत. कंपासपेटी उघडून बघ एखादीची. करकटकाच्या खाली तीन-चार गोळ्या सापडतील. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून एकीने सोडली की बाकीच्याही सोडतात. तुझ्या सभासदांपैकी दोघींनी दर आठवड्याला, शाळेतलं जेवण झाल्यावर, तिथे उभं राहून मुलींना गोळी गिळायला लावायची. वर चहा नको, लिंबू चालेल. आणि तीन महिन्यांनी त्याच मुलींचं रक्त पुन्हा तपासायचं. बारापर्यंत पोचल्या का ते बघायचं. जिचं आठच्या खाली निघेल तिला गोळीच्या भरवशावर ठेवू नकोस, त्याच आठवड्यात आईला बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यात ने. दुसऱ्या तपासणीला पेपरवाला येत नाही आणि पाहुणेही येत नाहीत. तरी तीच तुझ्या वर्षाची कमाई.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लशीचंही तेच. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस द्यायची पद्धत आहे. एक डोसही पुरतो असं आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते. काय द्यायचं ते तुझे डॉक्टर ठरवतील. पण दोन ठरले, आणि तू महिला दिनाचा मुहूर्त साधून मार्चमध्ये पहिला दिलास, तर दुसरा येतो सप्टेंबरात. म्हणजे दुसरीच्या वर्षात. तिने वेगळंच काही मनात धरलं असेल तर? त्यापेक्षा ऑगस्टमध्ये सुरू कर, फेब्रुवारीत संपव. आणि मार्चमध्येच करायचं असेल तर होणाऱ्या अध्यक्षेला पहिल्या दिवसापासून शेजारी बसव, पैशांची सोय दोन्ही डोसांची करून ठेव.

अध्यक्ष बदलले तरी काम चालू ठेवणं जमतं गं. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. त्यांचाही जागतिक अध्यक्ष दर १ जुलैला बदलतो. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालमध्ये हावड्याला, आणि देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. १९८५ पासूनच्या या काळात किती अध्यक्ष आले आणि गेले, प्रत्येकाने आपापलं घोषवाक्य आणलं, टायचा रंग बदलला, पण दोन थेंबांचं काम कुणी खाली ठेवलं नाही. बूथवर सरकारी कर्मचाऱ्यांच्या शेजारी रविवारी सकाळी पिवळी टोपी घालून बसणारे तुझे-माझे काका-मामा त्यातलेच.

आता मैत्रीकडे येते. क्लबातल्या काही शहाण्या बाया तुला म्हणतील, आपण इथे भिशीला येतो का? खाणं-पिणं, हाऊजी, सहल हे सगळं कमी करा, सेवा वाढवा. ऐकू नकोस. बायका पहिल्यांदा एकमेकींसाठीच येतात. संध्याकाळचे दोन तास स्वयंपाकघरातून सुटका, कुणाच्या तरी हातचा ढोकळा, हसणं. पुढे त्यातलीच एक उठून म्हणते, मी जाते सोमवारी शाळेत. मीटिंगला आली नसती तर तीही गेली नसती. आणि दुसरं म्हणजे, तुझं काम ३० जूनच्या पलीकडे नेणारी पालखी मैत्रीच आहे. पुढच्या अध्यक्षेशी तुझं पटत असेल तर तुझी वही ती उघडेल. नसेल तर तुझ्या मशीनच्या फटीतही कोळी येणार.

म्हणून मीटिंगची वेळ आणि खर्च ठरवताना डोकं लाव. काँट्रिब्युशनचा आकडा क्लबातल्या सगळ्यात कमी मिळकतीच्या बाईकडे बघून ठरव, डॉक्टरीणबाईंकडे बघून नको. हॉटेलातलं जेवण, सोबत थीमची नवी साडी आणि वर गिफ्टची वर्गणी असं तीन महिने ओळीने झालं की शिक्षिका असलेली किंवा घरगुती शिकवण्या घेणारी सभासद गुपचूप यायची बंद होते. कारण विचारलं तर सांगते, पाहुणे होते. पैशाचं कुणी बोलत नाही. श्रावणात कुणाच्या गच्चीवर मंगळागौर, जानेवारीत हळदीकुंकू, डब्यांची अंगतपंगत, हे स्वस्तही आणि जास्त रंगतं. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटू नकोस एवढी माझी वैयक्तिक विनंती. घरात ठेवायला जागा नाही.

फोटोचा विषय निघाला होता, त्यातलं एक राहिलं. वही वाटपाचा तो फोटो आठव. एक वही, तिला लागलेले आपले सहा हात, आणि मागे कुठेतरी बिचारं पोर. पाहुणे यायला उशीर झाला म्हणून पोरांना उन्हात बसवून ठेवतात ते आणखी वाईट. तुझ्या वर्षात हे होऊ देऊ नकोस. वह्या शाळेच्या बाईंच्या ताब्यात दे, त्या वर्गात वाटतील. ज्या बाईला शिलाई मशीन दिलं तिचा फोटो घेण्याआधी तिला विचार, आणि ती ‘नको’ म्हणाली तर नको. तिच्या दीर-नणंदा तो ग्रुपवर बघतात. मशीनपेक्षा तिला शाळेच्या गणवेशाची ऑर्डर मिळवून देता आली तर बघ. ऑर्डर नसेल तर मशीनवर टेबलक्लॉथ पडतो आणि त्याच्यावर टीव्ही बसतो.

पैशांबद्दल थोडक्यात. सभासदांची वर्गणी वेगळी, लोकांकडून सेवेसाठी आणलेला पैसा वेगळा. दुसऱ्यातून पहिल्याचा चहासुद्धा व्हायला नको. सह्या दोघींच्या. पावती त्याच दिवशी. ‘सध्या मी माझे घालते, नंतर बघू’ असं कधी करू नकोस, कारण नंतर मागताना तोंड तुझंच वाईट होतं.

माजी अध्यक्षांचं काय करायचं, हे तू विचारलं होतंस. अगं, त्या रुसतात. नाव घ्यायचं राहिलं, खुर्ची दुसऱ्या रांगेत मिळाली, पदग्रहणाच्या पत्रिकेत क्रम चुकला, कशावरूनही रुसतात. त्याला हसू नकोस. एक वर्ष सगळ्या गावाने ‘मॅडम’ म्हटलेलं असतं आणि १ जुलैला सकाळी फोन वाजायचा थांबतो. ते रिकामेपण अवघड असतं. तेव्हा त्यांना मान दे, पण त्याहीपेक्षा काम दे. जिने शाळेशी संबंध जोडले तिलाच शाळेचं बघायला सांग. जिचा बँकेत वट आहे तिला खात्याचं बघू दे. आणि जिने काहीतरी चांगलं सुरू केलं होतं ते नाव न बदलता पुढे चालव. नव्या नावाने तेच काम सुरू करायची खोड आपल्या क्लबांना फार आहे. तू तिचं नाव राखलंस तर तुझं पुढची राखेल. राखेलच असं नाही, पण शक्यता वाढते.

तुझ्या बाबतीत आणखी एक आहे, ते स्पष्टच बोलते. तुझे मिस्टर रोटरीत नाहीत. पूर्वी इनरव्हीलला रोटेरियनच्या घरचीच बाई लागायची. आता निमंत्रणाने इतरही येतात. तरी जुन्या जणींच्या मनात ते राहतं. ‘आमच्या ह्यांनी गव्हर्नरांना सांगितलंय’ असली वाक्यं तुझ्या कानावर मुद्दाम पडतील. पडू देत. तू नियमाने आलीस, निवडून आलीस. उलट तुझ्यामुळे क्लबात बँकेतल्या, एसटीतल्या, दुकान चालवणाऱ्या बायका येतील. त्यांना घेऊन ये. त्यांना मीटिंगची वेळ दुपारी तीनची जमणार नाही, एवढं फक्त आत्ताच बोर्डासमोर मांड, वर्ष सुरू झाल्यावर भांडण होतं.

घरचं म्हणशील तर, सासूबाईंना जूनमध्येच सांगून टाक. परवानगी मागू नकोस, माहिती दे: या वर्षी महिन्यातून अमुक संध्याकाळी मी घरी नाही, पोळ्यांच्या बाईंना वाढवून सांगितलंय. मुलाची दहावी आहे म्हणतेस ना? मग फेब्रुवारी-मार्चमध्ये उपाध्यक्षेला पुढे कर आणि तू मागे राहा. तिलाही सवय होईल. डिस्ट्रिक्ट चेअरमनची व्हिजिट दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चुकूनही घेऊ नकोस. कुणाचं लक्ष नसतं, सगळ्यांच्या हाताला बेसन लागलेलं असतं, आणि फाईल अर्धवट असते ती तशीच दाखवावी लागते.

बाकी भाषणाचं टेन्शन घेऊ नकोस, ते मी बघून देईन. मोठ्यांची नावं एका दमात आटप आणि पाच मिनिटांत खाली बस.

या आठवड्यात मात्र एक कर. वर्षाचं कॅलेंडर लिहायला घेण्याआधी, तुझ्यानंतर जी अध्यक्ष होणार आहे तिच्या घरी जा. फोन नको, प्रत्यक्ष जा. चहा घे आणि तिला विचार, तुला तुझ्या वर्षात काय करायचंय. ती म्हणेल, अजून कुठे वर्ष आहे माझं. तरी विचार, आणि ती सांगेल त्यातलं एक काम तुझ्या जुलैतच सुरू कर.